आशाताईला ओट्यावरूनच परत पाठवलं

दुपारपासून डोकं तापलंय. लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

चुलत जावेच्या सुनेला मुलगा झालाय, आज सातवा दिवस. मी बघायला गेले होते, तेवढ्यात आशाताई, म्हणजे गावची सरकारी योजनेतली आरोग्य कार्यकर्ती, आली. भर उन्हात, खांद्याला पिशवी, त्यात झोळीचा काटा, थर्मामीटर, घड्याळ. आणि जाऊबाईंनी तिला ओट्यावरूनच परत पाठवलं. "आमचं बाळंतपण मोठ्या दवाखान्यात झालंय. तुझं काय काम?" पाण्याचं तरी विचारायचं! ती बिचारी काही न बोलता गेली.

माझंही बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच झालं होतं. 2013 साल. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. निघताना सिस्टरनं एका दमात सगळं सांगितलं. मी टाक्यांनी बेजार, नवरा बिलाच्या रांगेत. कुणी ऐकलं? सातव्या दिवशी आशाताई आली. लेक झोपलेली. घरातल्या सगळ्या म्हणत होत्या, किती गुणी पोर, रडतच नाही! आशाताईनं दुपटं बाजूला केलं, घड्याळ हातात धरलं आणि मिनिटभर तिच्या पोटाकडं बघत बसली. परत एकदा श्वास मोजले. मिनिटाला 68. "ताई, 60 च्या आत पाहिजेत. दूध ओढतेय का?" सकाळपासून ओढलंच नव्हतं. आणि आम्ही गुणी म्हणत होतो.

हे मोजणं घरोघरी कुठून आलं माहितीये? आपल्या गडचिरोलीतून. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथल्या 39 गावांत साध्या बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं, आणि बाळं जगली. 1999 साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. 2011 पासून देशभरातल्या आशा तेच करतात. दवाखान्यात झालेल्या बाळाकडंसुद्धा 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी यायचं. सहा फेऱ्यांचे मिळून ठरलेले 250 रुपये. त्या बाईला तुम्ही ओट्यावर उभं करता? आणि नाळेला हळद-तेल लावायला, जिभेवर मध चाटवायला, कोंडलेल्या खोलीत ओव्याची धुरी द्यायला कुणीही आलेलं चालतं!

काही आशा घरी न जाताच फॉर्म भरतात, मान्य. आजीच्या हातची मालीश चांगली, तेही मान्य. पण त्या दिवशी माझ्या घरात पाच बायका होत्या, सगळ्या लेकुरवाळ्या. घड्याळ घेऊन एकटी तीच बसली.

न्यूमोनिया निघाला. लेक आठ दिवस जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात काचेत होती. आता सातवीत आहे, खो-खो खेळते. धापा टाकत घरी आली की अजून माझी नजर आधी तिच्या छातीवर जाते.

जाऊबाईंवर तरी किती चिडू? त्यांचं पहिलं मूल बाराव्या दिवशी गेलं. कशानं गेलं, ते त्यांना आजही माहीत नाही. कुणी जवळ बसून सांगितलंच नाही कधी.

हे लिहीत असतानाच सूनबाईचा मेसेज आला. "काकू, श्वास कसे मोजायचे?" म्हटलं, बाळ शांत झोपलं की पोट वरखाली होताना बघ. पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही.

तिनं मोजले. 44.

उद्या सकाळी आठला आशाताईला घेऊन मी स्वतः जाणार आहे. जाऊबाईंना फोन करून सांगितलंय, चहा टाकून ठेवा.