‘तणनाशकाने कुत्र्या-मांजराला काही होत नाही’ हा मेसेज पुढे पाठवू नका

गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: तणनाशक फक्त झाडाला मारतं, कुत्र्या-मांजराने चाटलं तर मीठ-पाणी पाजून उलटी काढा, दोन दिवस बरं राहिलं की धोका टळला, धाप लागली तर ऑक्सिजन लावा. सगळ्याच तणनाशकांबद्दल मी बोलत नाही. पण बांधावर सर्रास मारलं जाणारं पॅराक्वाट असेल, तर हा सल्ला जीव घेईल.

‘फक्त झाडाला’ म्हणे! पानात ते जसं पेशी जाळतं, तसंच प्राण्याच्या अंगातही. फुफ्फुसाच्या पेशी तर ते स्वतःहून ओढून घेतात, त्यामुळे रक्तापेक्षा तिथेच ते जास्त साठतं. कुत्र्याला किलोमागे 25 ते 50 मिलिग्रॅम प्राणघातक ठरतं. बाटलीतलं औषध 24 टक्के, म्हणजे चहाच्या चमचाभरात ग्रॅमभर विष. वीस किलोच्या कुत्र्याला तेवढं पुरे. मांजराचे पाय फवारलेल्या ओल्या गवतात भरले, तर ते पंजे चाटूनच विष पोटात घेतं.

मीठ पाजणं तर आणखी वाईट. मिठाचीच विषबाधा होते, आणि पॅराक्वाटने सोललेल्या तोंडा-घशातून उलटी पुन्हा वर येते.

‘दोन दिवस बरं’ ही सगळ्यात घातक ओळ. आमच्या मोत्याने पंप भरायच्या बादलीतलं पाणी प्यायलं. त्या दिवशी ओकला, दुसऱ्या दिवशी भाकरी खाल्ली, शेपटीही हलवली. आम्ही निर्धास्त झालो. पाचव्या दिवशी कोपरं बाहेर काढून, मान ताणून बसला, आडवं पडवेना. जिभेवर फोड, हिरड्या निळसर. मधल्या दिवसांत मूत्रपिंडं बिघडतात आणि फुफ्फुसं हळूहळू तंतूंनी घट्ट होत जातात, हे मला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं. नवव्या दिवशी तो गेला.

ऑक्सिजनचंही तेच. पॅराक्वाट ऑक्सिजनवरच पेटतं. जास्त दिला की फुफ्फुस जास्त जळतं. म्हणून डॉक्टर तो अगदी नाइलाज झाल्यावरच देतात.

यावर उतारा नाही. हातात असतात ते पहिले काही तास: तेव्हा डॉक्टर औषधी कोळशाची पूड किंवा मुलतानी मातीसारखी चिकणमाती पाजतात, कारण पॅराक्वाट मातीला घट्ट चिकटतं. अंगाला लागलं असेल तर हातमोजे घालून साबणाने धुवा, आणि बाटली सोबत न्या. बाटली नसेल तर डॉक्टर कीटकनाशक समजून त्यावरचा उतारा, ॲट्रोपिन, देऊ शकतात, आणि त्याचा इथे उपयोग नाही.