आधी सेकंद कसे मोजले ते सांगा, मग रेकॉर्ड म्हणा

काल फॅमिली ग्रुपवर तो व्हिडिओ परत आला. चिखलातून पळणारा एक माणूस, त्याच्या पुढे दोन रेडे, आणि खाली मोठ्या अक्षरात "उसेन बोल्टपेक्षा फास्ट". 2020 पासून हा व्हिडिओ फिरतोय आणि दर वेळी कोणी ना कोणी मला विचारतंच की सर, हे खरं का? उत्तर लिहायला बसलो तर ते इतकं लांबलं की म्हटलं इथेच टाकावं.

तो माणूस म्हणजे श्रीनिवास गौडा, कर्नाटकातल्या कंबाला म्हणजे चिखलात रेडे पळवण्याच्या शर्यतीतला धावपटू. 142.5 मीटर 13.62 सेकंदात पळाला. मग कोणीतरी त्रैराशिक मांडलं, 100 मीटरचे 9.55 काढले, आणि बोल्टचा 9.58 मोडला म्हणून देशभर बोंब झाली. अगदी क्रीडामंत्र्यांनी ट्रायलची तयारी दाखवली. पण धावण्यात त्रैराशिक चालत नाही हो! सगळ्यात जास्त वेळ जातो तो सुरुवातीला, उभ्या जागेवरून वेग पकडताना. बर्लिनला 16 ऑगस्ट 2009 ला बोल्टला पहिल्या 20 मीटरला 2.89 सेकंद लागले आणि 60 ते 80 या 20 मीटरला फक्त 1.61. म्हणजे अंतर 100 च्या पुढे थोडं वाढवलं की सरासरी आपोआप चांगली दिसते. त्याच वर्षी मॅंचेस्टरच्या रस्त्यावर तो सरळ 150 मीटर 14.35 मध्ये पळाला होता, त्याचं त्रैराशिक मांडा, 9.57 येतं. तरी तो 100 मीटरचा विक्रम आहे असं कोणी म्हणालं नाही, कारण तो नव्हताच. आणि कंबालात तर हातात रेड्यांचा दोर असतो, रेडे माणसाला ओढतात. हे मी कमीपणा दाखवायला म्हणत नाहीये. चिखलात, सुटलेल्या रेड्यांच्या मागे तोल सांभाळत पळणं ही जबरदस्त कला आहे, मला शंभर मीटर सोडा, दहा मीटर जमणार नाही. स्वतः गौडा तेव्हा म्हणाले होते की बोल्ट जगज्जेता आहे, मी चिखलात पळतो. त्यांना फरक कळत होता, फॉरवर्ड करणाऱ्यांना नाही.

मला राग या गोष्टीचा येतो की अशा आकड्यांची किंमत पळणारा पोरगा मोजतो. 2019 मध्ये मध्य प्रदेशातल्या एका तरुणाचा अनवाणी पळतानाचा व्हिडिओ असाच व्हायरल झाला, 100 मीटर 11 सेकंदात म्हणे. भोपाळला ट्रायल घेतली, कॅमेरे लावले, आणि बिचारा शेवटचा आला. एका आठवड्यात हिरो आणि एका आठवड्यात विसर.

हे मी जवळून पाहिलंय. चौदा वर्षं शाळेच्या मैदानावर स्टॉपवॉच धरतोय. एका वर्षी तालुक्याला आमच्या एका मुलाचा टाइम 11.1 आला. गावात पेढे वाटले, फ्लेक्स लागला. राज्य पातळीवर इलेक्ट्रॉनिक टायमिंग होतं, तिथे तोच पोरगा 11.8. परत येताना एसटीत तो एक शब्द बोलला नाही. पळण्यात तो कुठेच कमी पडला नव्हता, कमी पडलो होतो आम्ही मोठी माणसं. मैदान टेपने घाईत मोजलेलं, फक्कीची रेघ अंदाजाने मारलेली, आणि बोटाने घड्याळ दाबणारा माणूस सुरू करताना हमखास उशीर करतो पण थांबवताना मात्र पोरगा येताना दिसत असल्यामुळे वेळेवर दाबतो, त्यामुळे हाताचा टाइम नेहमी कमीच येतो. म्हणून तर 100 मीटरला हाताच्या टाइममध्ये 0.24 सेकंद मिळवून तुलना करतात. हे त्याला आधीच सांगायला हवं होतं.

वाऱ्याचंही तसंच. मागून सेकंदाला 2 मीटरपेक्षा जास्त वारा असेल तर रेकॉर्ड धरत नाहीत. 2011 मध्ये एका जपानी टीव्ही शोमध्ये अमेरिकन धावपटू जस्टिन गॅटलिनच्या मागे भलेमोठे पंखे लावले तर तो 9.45 मध्ये पोचला! आणि 1988 ला इंडियानापोलिसमध्ये अमेरिकेच्या फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनरने महिलांच्या 100 मीटरला 10.49 मारला तेव्हा तिच्या शर्यतीचं वाऱ्याचं मीटर चक्क शून्य दाखवत होतं, जवळच तिहेरी उडीच्या मीटरवर 4.3 असताना. तो विक्रम अजून कायम आहे, आणि त्यानंतरच्या प्रत्येक मुलीला त्या एका मीटरशी स्पर्धा करावी लागते. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

गाड्यांच्या बाबतीत लोक जास्त काटेकोर आहेत. 1997 ला नेवाडाच्या वाळवंटात थ्रस्ट एसएससी ही जेट इंजिनाची गाडी ताशी 1228 किमीच्या आसपास गेली, पण एकदा जाऊन भागलं नाही, तासाभरात उलट दिशेनेही पळवावी लागली आणि दोन्हीची सरासरी धरली, म्हणजे वारा आणि उतार दोन्ही कटाप. बहिरी ससाण्याचा ताशी 300 किमीच्या वरचा आकडा सगळे सांगतात, तो सूर मारतानाचा आहे हे कोणी सांगत नाही. आपल्या बैलगाडा शर्यतीत बघा, कुठल्याही गाडामालकाला विचारा, या घाटातले (म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवरचे) सेकंद तो त्या घाटाला लावणार नाही.

2025 ला आपला धावपटू अनिमेष कुजूरने ग्रीसमध्ये 100 मीटरला 10.18 नोंदवला, इलेक्ट्रॉनिक, वारा मोजून, नवा भारतीय विक्रम. त्याचा व्हिडिओ आमच्या ग्रुपवर एकदाही आला नाही. का येईल, चिखलातले 9.55 बघितलेल्याला 10.18 म्हणजे काहीच वाटत नाही ना.

त्या 11.8 वाल्या मुलाला मी नंतर बसवून बर्मिंगहॅमच्या 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेतली स्टीपलचेस, म्हणजे 3000 मीटरची अडथळ्यांची शर्यत दाखवली. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा आपला अविनाश साबळे 8:11.20, आणि पहिला आलेला केनियाचा किबिवॉट 8:11.15. दोघांत 0.05 सेकंद. पोराने ते शेवटचं वळण पाच-सहा वेळा मागे घेऊन पाहिलं आणि मग विचारलं, "सर, आपल्या घड्याळावर हे दोघं सारखेच आले असते का?"

त्या आठवड्यात आम्ही दोघांनी टेप धरून मैदान परत मोजलं. 97 मीटर भरलं.