पन्नास सेंटच्या लसीमागची भागीदारी

कंपन्या संशोधनात भागीदार घेतात ते खर्च वाटला जावा म्हणून, असं सर्रास ऐकू येतं. मला ते अर्धंच पटतं. पैसा उभा करता येतो, पण प्रत्येक टप्प्याची हातोटी एकाच छपराखाली सापडत नाही.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची मेनिंजायटिसवरची (मेंदूच्या आवरणाचा दाह) मेनआफ्रिव्हॅक लस बघा. १९९६-९७ च्या मेनिंजायटिसच्या साथीत आफ्रिकेत अडीच लाख रुग्ण आणि २५ हजार मृत्यू नोंदले गेले. २००१ मध्ये 'पाथ' ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटनेने गेट्स फाउंडेशनच्या ७ कोटी डॉलरवर प्रकल्प सुरू केला. डोस ५० सेंटच्या वर गेला तर आम्हाला परवडणार नाही, असं तिथल्या देशांनी बजावलं होतं. त्या भावात बड्या कंपन्यांशी काही जमेना. मग कामच वाटून टाकलं: मेनिंजायटिसच्या ए गटाच्या जिवाणूचं पॉलिसॅकराइड (त्याच्या आवरणातली शर्करेची लांब साखळी) अॅमस्टरडॅमच्या सिंको बायो पार्टनर्सकडून, ते प्रथिनाला जोडण्याचं तंत्र अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाकडून, धनुर्वाताचं टॉक्सॉइड (निर्विष केलेलं विष, हेच ते प्रथिन) आणि कारखाना सीरमचा.

खरी मेख जोडणीत आहे. नुसतं पॉलिसॅकराइड टोचलं तर लहान मुलांत प्रतिकारशक्ती नीट येत नाही आणि टिकतही नाही, म्हणून ते प्रथिनाला बांधायचं. पेरिआयोडेट या रसायनाने साखळीचं ऑक्सिडेशन करून तिच्यावर अल्डिहाइड, म्हणजे जोडणीच्या जागा, तयार करायच्या, हायड्रेझिन या दुसऱ्या रसायनाने टॉक्सॉइड सक्रिय करायचं, मग दोन्ही एकत्र. कागदावर दोन ओळींचं काम! पण ऑक्सिडेशन जास्त झालं की साखळीचे तुकडे पडतात. कमी झालं की बरंच पॉलिसॅकराइड मोकळं राहतं, ते वेगळं काढावं लागतं आणि माल वाया जातो. त्यात ए गटाची साखळी पाण्यात हळूहळू तुटते, म्हणून लस गोठवून वाळवायची आणि टोचण्याआधी द्रावणात मिसळायची. पेटंट वाचून हे जमत नाही. ज्याने केलंय त्याच्या शेजारी उभं राहूनच शिकावं लागतं.

डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली: १ ते २९ वयोगट, १० मायक्रोग्रॅमचा एकच डोस.

पुढे ए, सी, वाय, डब्ल्यू आणि एक्स अशा पाच गटांची लस करायला पुन्हा सीरम आणि पाथच एकत्र आले. तिला २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली. यात नवल कसलं? नवा भागीदार आणला की चाचणीच्या पद्धती, प्रत्येक लॉटचे निकष, नापास मालाचा भुर्दंड कोणावर, हे सगळं पुन्हा पहिल्यापासून ठरवायचं. त्यात वर्षं जातात.

आणि भागीदार म्हणजे कायमचा पुरवठादार नव्हे. सिंकोशी झालेल्या करारात पुरवठ्याबरोबर पॉलिसॅकराइड बनवण्याचं तंत्र पुण्याला देण्याचं कलमही होतं. असं कलम पहिल्या दिवशीच घालावं. माल अडला की मग ते कोणी देत नाही.