प्रवासाला निघण्याआधी अख्खं अंगण झाडू नका

पानगळीच्या दिवसांत कुणी लांबच्या बसप्रवासाला निघणार असलं की आदल्या संध्याकाळचं चित्र ठरलेलं असतं. हातात खराटा, अंगणात पाचोळ्याचे ढीग आणि घरात अर्धवट भरलेली बॅग. 'पंधरा दिवस घर बंद राहणार, सगळं लख्ख करून जाऊ.' हेतू चांगला, पण काम चुकीचं आणि वेळही चुकीची. चार दिवसांत तेवढीच पानं पुन्हा पडतात. शिवाय दोन तास वाकून झाडायचं आणि दुसऱ्या दिवशी दहा-बारा तास बसून काढायचे, म्हणजे कंबर धरणारच. मग शिव्या खाते बसची सीट.

मोकळ्या जमिनीवरचा पाचोळा पंधरा दिवसांत काहीही बिघडवत नाही. बिघडवतो तो पाण्याच्या वाटेत अडकलेला. त्यामुळे निघण्याआधी हात लावायच्या जागा मोजक्याच आहेत: छपराची पन्हळ, गच्चीतलं पाणी जायचं तोंड, पायऱ्या, अंगणातल्या गटाराची जाळी आणि मागे उभी राहणारी गाडी.

पन्हळीचा हिशेब एकदा करून बघा. 100 चौरस मीटरच्या छपरावर 50 मिलीमीटर पाऊस पडला तर 5,000 लिटर पाणी होतं. हे सगळं उतरतं ते वीतभरही रुंदी नसलेल्या पाइपांतून, आणि अशा पाइपाचं तोंड बंद करायला दोन मोठी पानं पुरतात. त्यांच्यामागे बाकीचा पाचोळा साचतो, त्यात धूळ बसते आणि चिखलासारखा लगदा होतो. पाणी पन्हळीच्या पुढच्या काठावरून सांडलं तर निदान दिसतं तरी. मागच्या काठावरून गेलं की थेट भिंतीत मुरतं, आणि ओल दिसायला लागते तेव्हा कारण विस्मरणात गेलेलं असतं.

साफ करताना आधी पाइपाच्या तोंडात फडक्याचा बोळा बसवा, म्हणजे लगदा पाइपात उतरणार नाही. खुरप्याने किंवा छोट्या फावडीने लगदा पाइपापासून उलट दिशेला ओढत बादलीत भरा. हातमोजे हवेतच, कारण पत्र्याच्या पन्हळीची कड ब्लेडसारखी कापते. शेवटी बोळा काढून नळीने पाणी सोडा आणि खाली धार नीट येते का ते बघा. बोळा आतच विसरणं ही या कामातली सगळ्यात जास्त होणारी चूक आहे, म्हणून फडकं भडक रंगाचं घ्या आणि त्याचं एक टोक बाहेर लोंबतं ठेवा. शिडी चार मीटर उंचीवर टेकवायची असेल तर पाया भिंतीपासून एक मीटर लांब हवा. खाली कुणीतरी शिडी धरायला हवं. एकट्याने करायचं हे काम नाही.

गच्चीच्या तोंडावर सपाट जाळी असेल तर तिच्यावर पान चिकटतं आणि वरच्या पाण्याच्या वजनाने आणखी घट्ट बसतं. घुमटासारखी उठावदार जाळी असेल तर खालचा भाग पानांनी भरला तरी वरच्या फटींतून पाणी जात राहतं. हा बदल एकदाच करायचा असतो, आणि मोठ्या प्रवासाआधी केलेला बरा. सपाट गच्चीवर 10 सेंटिमीटर पाणी तुंबलं तर दर चौरस मीटरवर 100 किलो वजन पडतं. स्लॅब ते बहुधा पेलेल, पण बारीक भेगांतून पाणी आत शिरायचं थांबणार नाही.

पायऱ्या आणि फरशी झाडायची ती परतल्यावर घसरू नये म्हणून. ओलं पान दगडावर दिवसेंदिवस पडून राहिलं की त्यातल्या टॅनिनचा तपकिरी डाग उमटतो. तो तारेच्या ब्रशने घासू नका. दगड खरवडला जातो आणि पुढच्या वेळी डाग आणखी खोल बसतो.

आता गोळा झालेल्या पानांचं काय? जाळायची तर अजिबात नाहीत. पाचोळ्याच्या ढिगाला आतपर्यंत हवा मिळत नाही आणि पानं वरून कोरडी दिसली तरी आत दमट असतात. म्हणून तो धड पेटत नाही, तासन्‌तास धुमसत राहतो. धुमसणाऱ्या ढिगातून कार्बन मोनॉक्साइड आणि फुप्फुसात खोलवर जाणारे सूक्ष्म कण भरपूर निघतात. त्यातच प्रवासाची घाई असेल तर 'विझलंय' असं समजून घराला कुलूप लावलं जातं, आणि रात्री वारा सुटला की तोच ढीग पुन्हा फुलतो.

पानांचा निम्मा तरी उपयोग कुंड्यांमध्ये होतो, आणि तो नेमका तुम्ही घरी नसताना. कुंडीला आधी खालून पाणी निथळेपर्यंत पाणी द्या, मग वर तीन ते पाच सेंटिमीटर पाचोळ्याचा थर द्या. मातीतलं पाणी उडून जायचा वेग चांगलाच कमी होतो. पानं आधी हाताने चुरडा किंवा त्यांच्यावरून गवत कापायचं यंत्र फिरवा. अख्खी पानं एकमेकांना चिकटून चटईसारखी होतात आणि वरचं पाणी खाली जाऊ देत नाहीत. खोडाभोवती दोन बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर तिथे ओल राहून साल कुजते. एवढं करून कुंड्या सावलीत एकमेकींना खेटून ठेवल्या की बऱ्याचशा झाडांचे आठ-दहा दिवस निभावतात. पातळ पानांची, तहानलेली झाडं मात्र शेजाऱ्यांवरच सोपवावी लागतात.

उरलेल्या पानांचा ढीग लावा, पण कंपोस्टचा नको, नुसत्या पानांचा. दोन्हींत फरक आहे. पान गळण्याआधी झाड त्यातला बराचसा नायट्रोजन खोडात परत ओढून घेतं, मगच देठापाशी पेशींचा सैल थर तयार होऊन पान सुटतं. (पिवळा रंग पानात आधीपासून असतोच, हरितद्रव्य मोडल्यावर तो दिसू लागतो एवढंच. लाल रंग मात्र बहुतेक झाडांत त्याच दिवसांत नव्याने बनतो.) त्यामुळे गळलेल्या पानात कार्बन भरपूर आणि नायट्रोजन थोडा. झटपट तापणाऱ्या कंपोस्टला हे प्रमाण साधारण 30 ला 1 लागतं, आणि सुक्या पानांत कार्बन त्याहून बराच जास्त असतो. ते जमवायला दोन-तीन बादल्या पाचोळ्यात एक बादली ओलं गवत किंवा हिरवा कचरा मिसळावा लागतो आणि ढीग दर काही दिवसांनी वरखाली करावा लागतो. तुम्ही बसमध्ये असताना तो वरखाली कोण करणार? गवताचे गोळे हवेविना सडतात, वास सुटतो, आणि त्यात स्वयंपाकघरातला कचरा टाकला असेल तर उंदीर येतात. ते काम परतल्यावर करा.

नुसत्या पानांचा ढीग बुरशीच्या भरवशावर हळूहळू कुजतो. त्याला कुणाची देखरेख लागत नाही. चार खुंट रोवून भोवती तारेची जाळी गुंडाळा, साधारण एक मीटर लांब, रुंद आणि उंच. भिंतीपासून हातभर अंतर ठेवा, म्हणजे ओल आणि वाळवी घराकडे सरकणार नाही. प्रत्येक वीतभर थरावर पाणी शिंपडा आणि पाय देऊन हलकं दाबा. मूठभर पानं पिळली की एखाद-दुसरा थेंब पडावा, ओल एवढीच हवी. कोरडा ढीग वर्षभर जसाच्या तसा राहतो, आणि लोक म्हणतात की पानं कुजतच नाहीत. जागा नसेल तर जाड प्लास्टिकच्या पिशवीत ओली पानं भरा, दहा-बारा भोकं पाडा, तोंड सैल बांधा आणि कोपऱ्यात ठेवून द्या. खत व्हायला एक ते दोन वर्षं लागतात, चुरलेली पानं असतील तर कमी. चिवट, मेणचट पानं वेगळी ठेवा, ती सगळ्यात मागे राहतात. रोगट पानं या ढिगात टाकायचीच नाहीत. हा ढीग फारसा तापत नाही, त्यामुळे रोगाचे बीजाणू त्यात टिकतात.

हे सगळं निघायच्या दोन-तीन दिवस आधी उरका. निघायच्या दिवशी फक्त गटाराच्या आणि गच्चीच्या जाळीवर हात फिरवा, दहा मिनिटं पुरे.

बसचं तिकीट काढतानाही पानगळ लक्षात घ्या. ओल्या पानांचा थर रस्त्यावर असला की टायरची पकड कमी होते, खड्डे आणि पट्टे झाकले जातात आणि शहाणा ड्रायव्हर वेग कमी करतो. त्यामुळे बस उशिरा पोचू शकते. पुढची गाडी धरायची असेल तर मध्ये चांगला वेळ ठेवा. सीट पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध घ्या. मागच्या चाकाच्या पलीकडचा भाग तरफेसारखा उडतो, आणि इंजिन मागे असेल तर तिथे गरम आणि आवाजही जास्त. चाकाच्या बरोबर वरच्या सीटला पाय ठेवायला जागा कमी असते. मळमळीचा त्रास असेल तर गोळी निघण्याआधी अर्धा ते एक तास घ्यावी लागते. मळमळ सुरू झाल्यावर पोटाचं काम मंदावतं आणि गोळी वेळेवर लागू पडत नाही. ती डॉक्टरांना विचारून घ्या, गुंगी येते. खिडकीबाहेर दूर समोर बघा, मोबाइलमध्ये मान घालू नका.

चार तासांहून जास्त बसायचं असेल तर पिंढऱ्या हलत्या ठेवणं गरजेचं, कारण पायातलं रक्त वर ढकलायचं काम त्याच करतात. दर अर्ध्या तासाने घोटे वीस वेळा फिरवा, टाचा उचला आणि प्रत्येक थांब्याला खाली उतराच. लघवीला जावं लागेल म्हणून पाणी न पिणं ही लांबच्या प्रवासातली जुनी खोड आहे, ती सोडा. पट्टा असेल तर तो पोटावरून नको, मांडीच्या वर कमरेच्या हाडावरून घ्या. काच फोडायची हातोडी कुठे आहे ते बसल्या बसल्या बघून ठेवा. बाजूची काच फोडायची वेळ आलीच तर घाव कोपऱ्यात घाला, मधोमध नाही.

मागे राहणारी गाडी शक्यतो झाडाखाली लावू नका, आणि सुक्या पानांच्या ढिगावर तर मुळीच नाही. तापलेल्या सायलेन्सरने पानं पेट घेऊ शकतात. समोरच्या काचेखाली, वायपरच्या बुडाशी जी जाळी असते तिथे पानं साचतात. त्याखालची पाण्याची वाट बुजली की पाणी ब्लोअरमध्ये आणि तिथून गाडीत उतरतं. परत आल्यावर आधी बॉनेट उघडून ती जाळी हाताने साफ करा, मगच गाडी आणि ब्लोअर सुरू करा. तसाच ब्लोअर लावला तर पानांचा चुरा पंख्यात जातो, खरखर सुरू होते आणि तो काढायला डॅशबोर्डखालचे भाग उघडावे लागतात.