पापणी पडते ती मॅग्नेशियम कमी म्हणून नव्हे

परवा मालवणहून मावशीचा फोन. "झिला, ह्या खरा काय रे?" पाठोपाठ तो मेसेज. वर ठळक ‘डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत’, खाली ‘दहा जणांना पाठवा’. मधला मजकूर असा: संध्याकाळी पापणी पडते, चावताना जबडा थकतो, ती मॅग्नेशियमची कमतरता, डोळ्याला बर्फ लावला तर लकवा होतो, एमआरआय नॉर्मल म्हणजे आजारच नाही, पापणीसाठी छातीचा सीटी स्कॅन सांगणारा डॉक्टर लुटारू.

मावशीला मायस्थेनिया ग्रॅव्हिस आहे, म्हणजे वापरता वापरता स्नायू थकून ढिले पडण्याचा आजार. निदानाला आठ महिने लागले. सकाळी ठणठणीत असलेली बाई संध्याकाळी काजूगर सोलताना एक डोळा हाताने झाकून बसायची, नाहीतर एकाचे दोन दिसत. तेवढ्या काळात चष्मा दोनदा बदलला, नजरही काढून झाली. आणि आता मेसेज वाचून तिने मॅग्नेशियमची बाटली आणलीय.

म्हणून आधी मॅग्नेशियम. नसेचा निरोप स्नायूला पोचतो तो ॲसिटिलकोलीन या रसायनामार्फत. मायस्थेनियात शरीराच्याच अँटिबॉडी (एरवी रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं) स्नायूवरच्या, हे रसायन झेलणाऱ्या जागा निकामी करतात. मॅग्नेशियम काय करतं? नसेच्या टोकाला कॅल्शियम आत येऊ देत नाही, त्यामुळे रसायनच कमी सुटतं. झेलणारे आधीच थोडे, त्यात फेकणाऱ्याचाही हात आखडता! शिरेतून दिलेल्या मॅग्नेशियमने अशा रुग्णाचा श्वास अडकू शकतो. गोळीतून तेवढं जात नाही, मान्य. पण मूत्रपिंड अधू असेल तर ते अंगात साठतं, आणि मावशीला जुना मधुमेह आहे, त्याने मूत्रपिंड अधू होऊ शकतं. या आजारात साधं औषधही बघून घ्यावं लागतं. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेवोफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स आपल्याकडे कुणीही मागून घेतो. २०११ साली अमेरिकेच्या एफडीए या औषधनियंत्रक संस्थेने त्या गटाच्या औषधांच्या माहितीपत्रकात ठळक चौकट घालायला लावली, की मायस्थेनियाच्या रुग्णाची कमजोरी यांनी वाढू शकते, त्यांना देऊ नका.

मॅग्नेशियम खूप कमी झालं तर पेटके येतात, स्नायू फडफडतात, हे खरंय. पण पापणी फडफडणं वेगळं, पडणं वेगळं. लिहिणाऱ्याला एवढंही कळलेलं नाही.

बर्फाचं तर हसूच आलं. मावशीचं निदान बर्फानेच पुढे सरकलं. डॉक्टरांनी हातमोज्यात बर्फ भरून मिटलेल्या डोळ्यावर दोन मिनिटं धरला. काढला तेव्हा बुबुळ अर्धं झाकणारी पापणी वर! थंडीने ॲसिटिलकोलीन तोडणारं एन्झाइम मंदावतं, म्हणून. काही क्षणांनी पापणी पुन्हा खाली आली, पण दिशा कळली. मग रक्तातल्या अँटिबॉडी आणि नसेला पुन्हापुन्हा बारीक शॉक देऊन करतात ती तपासणी. नुसत्या रक्तावर भागत नाही: आजार अंगभर असला तरी शंभरातल्या साधारण पंधराजणांत ही नेहमीची अँटिबॉडी सापडत नाही, आणि फक्त डोळ्यांपुरता असला तर जवळजवळ निम्म्यांत.

एमआरआय? बिघाड नस आणि स्नायूच्या सांध्यावर, फोटो मेंदूचा. नॉर्मलच येणार.

राहिला छातीचा सीटी. मलाही तेव्हा पैसे काढायचा धंदा वाटला होता. पण छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते आणि शंभरातल्या दहा-पंधरा रुग्णांत तिथे गाठ निघते. मावशीला नाही निघाली.

बाटली परत दे म्हणून सांगितलंय. मेडिकलवाला म्हणतो, सील फोडलंय, घेणार नाही.