जीएसटीची भरपाई, जकात आणि घरपट्टी: फिरणाऱ्या मेसेजमधले घोळ

घरपट्टीची बिलं निघाली की एक मेसेज हमखास फिरू लागतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच राहतात: जकात (शहरात येणाऱ्या मालावरचा कर) गेली आणि महापालिका भिकेला लागल्या. जीएसटीची भरपाई २०२२ मध्ये बंद झाली, आता सगळं सरकारच्या अनुदानावर. जकात राहिली असती तर आज तिप्पट पैसा असता. ही तूट महापालिका घरपट्टीतून, शिक्षण कर आणि रोजगार हमी करातून उकळते. मुंबईनं ५०० फुटांपर्यंतची घरपट्टी माफ केली, मग बाकीच्या महापालिकांना काय धाड भरली? आणि शेवटी, ठेवी तर हजारो कोटींच्या आहेत.

यातल्या काही मुद्द्यांत खऱ्याचा अंश आहे, आणि म्हणूनच मेसेज पटतो. पण भरपाई देणारा कायदा वेगळा, बंद झाला तो वेगळा, आणि घरपट्टीवर हात ठेवून बसलेला तिसराच. तिन्हींची खिचडी झाली की दोष भलत्याच दारात जातो.

‘भरपाई २०२२ मध्ये बंद झाली’

बंद झाली ती केंद्राकडून राज्यांना मिळणारी भरपाई. २०१७ च्या केंद्रीय कायद्यानं राज्यांना हमी दिली होती की २०१५-१६ च्या महसुलावर दरसाल १४ टक्के वाढ धरू, आणि जीएसटीतून तेवढं आलं नाही तर फरक देऊ. मुदत पाच वर्षं. ती ३० जून २०२२ ला संपली.

जकातीसारखे स्थानिक कर जीएसटीत गेले म्हणून महापालिकांना मिळणारी भरपाई येते ती राज्याच्या कायद्यानं. मे २०१७ च्या विशेष अधिवेशनात विधिमंडळानं स्थानिक प्राधिकरणांना भरपाई देणारा वेगळा अधिनियम केला. त्याचं सूत्र असं: २०१६-१७ हे पायाभूत वर्ष, त्यावर दरसाल ८ टक्के चक्रवाढ, आणि रक्कम दर महिन्याला आगाऊ, ५ तारखेपर्यंत. ५ जुलै २०१७ ला तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी मुंबई महापालिकेला पहिला धनादेश दिला तो ६४७.३४ कोटींचा. बाराने गुणा, वर्षाचे ७,७६८ कोटी होतात. १.०८ ने भागा, ७,१९३ कोटी उरतात. २०१६-१७ चा पाया तो हाच.

पुढचा गुणाकार कुणीही करू शकतो. १०० कोटींचा पाया धरला तर २०१७-१८ ला १०८, २०२२-२३ ला १५८.६९ आणि २०२५-२६ ला १९९.९०. नऊ वर्षांत दुप्पट. मुंबईच्या पायाला हेच लावलं तर २०२५-२६ साठी १४,३७८ कोटी येतात. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात पालिकेनं धरले होते १४,३९८ कोटी, म्हणजे अंदाजित महसुली उत्पन्नाचा एक तृतीयांश हिस्सा. बंद पडलेला पैसा एवढा नेमका जुळत नाही.

२०२२ नंतर ताण आला, पण तो राज्याच्या तिजोरीवर. तोवर केंद्राची हमी १४ टक्के वाढीची होती आणि महापालिकांना द्यायची वाढ ८ टक्के. आता हमी गेली, देणं मात्र दरसाल ८ टक्क्यांनी चढतंच आहे. उद्या कात्री लागली तर ती याच कारणानं लागेल, पण त्यासाठी आधी कायदा बदलावा लागेल.

‘म्हणजे अनुदानच की’

शब्दाचा घोळ महापालिकांनीच घातला आहे. बऱ्याच अर्थसंकल्पांत जमेच्या बाजूला चक्क ‘जीएसटी अनुदान’ असं छापलेलं असतं.

अनुदान शासन निर्णयानं मिळतं. किती, कधी, कोणत्या अटीवर, हे मंत्रालय ठरवतं. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली, तेव्हापासून त्यांना मिळतं ते सहायक अनुदान. हप्ता लांबला की पगार लांबतो, आणि दाद मागायला हातात कायद्याचं कलम नसतं. महापालिकांच्या भरपाईचा पाया, वाढ आणि तारीख तिन्ही कायद्यात आहेत. त्यामुळे ‘सरकार मनात येईल तेव्हा थांबवू शकतं’ हे चूक.

पण पुरतं चूकही नाही. ही हमी संविधानात नाही. संविधानाच्या २४३ भ नुसार महापालिकेनं कोणता कर लावायचा हे राज्य विधिमंडळ कायद्यानं ठरवतं, आणि विधिमंडळानं केलेला कायदा साध्या बहुमतानं बदलता येतो. शिवाय पाया २०१६-१७ ला गोठलेला आहे. त्या वर्षानंतर ज्या शहराभोवती गोदामं, कारखाने आणि टॉवर उभे राहिले त्यालाही ८ टक्के आणि जिथला धंदा उठून गेला त्यालाही ८ टक्के. इचलकरंजी (२०२२) आणि जालना (२०२३) महापालिका झाल्या तेव्हा त्यांच्या नावावर पायाच नव्हता, कारण पायाभूत वर्षात त्या नगरपालिका होत्या. भरपाईची मागणी त्यांना वेगळी लावून धरावी लागली. मेसेजवाल्यांनी खरं तर इथं बोट ठेवायला हवं होतं.

‘जकात असती तर तिप्पट’

पहिली गोष्ट, ३० जून २०१७ च्या मध्यरात्री जकात बंद झाली ती फक्त मुंबईत. दहिसर, मुलुंड, मानखुर्दचे नाके तेव्हा ओस पडले. इतर महापालिकांची जकात तोवर केव्हाच गेली होती. तिच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, शेवटच्या टप्प्यात २०१३ मध्ये. आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना एलबीटीही माफ झाला. म्हणजे पुणे-नागपूर-नाशिककरांनी जीएसटीला शिव्या घालण्यात अर्थ नाही. त्यांच्या महापालिकांच्या हातातली चावी त्याआधीच राज्यानं काढून घेतली होती.

दुसरी गोष्ट, जकात मालाच्या किमतीवर चालायची. मुंबईच्या जकातीत मोठा वाटा माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत येणाऱ्या कच्च्या तेलाचा होता. जगात तेल स्वस्त झालं की महापालिकेचा गल्ला आटायचा, आणि पालिकेच्या हातात करण्यासारखं काही नसायचं. २०२० च्या टाळेबंदीत नाक्यावरून किती ट्रक गेले असते याचा विचार करा. त्याच वर्षी भरपाई सूत्राप्रमाणे ८ टक्क्यांनी वाढून मुंबईसाठी ९,८०० कोटींच्या घरात पोचली होती. दरसाल बिनबोभाट ८ टक्के चक्रवाढ हा स्थानिक करासाठी वाईट सौदा नाही.

मग गेलं काय? दर ठरवण्याचा अधिकार गेला. १०१ व्या घटनादुरुस्तीनं राज्य सूचीतली (राज्यांच्या अधिकारातल्या विषयांची संविधानातली यादी) नोंद ५२, म्हणजे स्थानिक क्षेत्रात येणाऱ्या मालावरचा कर, पूर्ण वगळली. यातली गंमत अशी की कच्चं तेल, पेट्रोल आणि डिझेल अजून जीएसटीत आलेलंच नाही. तरीही त्यावर जकात लावता येत नाही, कारण ती लावायची नोंदच उरली नाही. जाहिरात कराची नोंद ५५ ही त्याच दुरुस्तीत गेली. आज होर्डिंगवर महापालिका घेते ते परवाना शुल्क, कर नव्हे. एखाद्या वर्षी पूर आला, मेट्रोचा हिस्सा द्यायचा आला, तर जकातीचा दर अर्ध्या टक्क्यानं वाढवून पैसा उभा करायची सोय उरली नाही. रक्कम वाढते, पण ती किती वाढावी हे शहर ठरवत नाही.

‘तूट भरायला घरपट्टी वाढवतात’

घरपट्टीचा दर महापालिका ठरवते, हे कागदावर खरं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ९९ प्रमाणे पुढच्या वर्षाचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात. पण त्याच अधिनियमाचं कलम ४५१ राज्याला महापालिकेचा ठराव निलंबित किंवा विखंडित (रद्द) करू देतं. पुण्यात याचा अनुभव घरोघर आला.

पुणे महापालिका १९७० पासून दोन सवलती देत होती: मालक स्वतः राहत असेल तर करपात्र रकमेत ४० टक्के सूट, आणि देखभालीपोटी १० ऐवजी १५ टक्के वजावट. लेखापरीक्षणात आक्षेप आला आणि २०१९ मध्ये राज्यानं तो जुना ठराव विखंडित केला. आता आकडे पाहा. घराचं वार्षिक भाडेमूल्य ३०,००० धरलं तर ४० टक्के सूट आणि १० टक्के वजावटीनंतर १६,२०० रुपयांवर कर बसतो. सूट काढली की २७,००० वर. सवलत ४० टक्क्यांची, पण ती गेली की बिल ४० नव्हे, जवळपास ६७ टक्क्यांनी चढतं. लोक महापालिकेच्या कर विभागात जाऊन भांडले, आणि खिडकीमागच्या कारकुनाच्या हातात काहीच नव्हतं.

२०२३ मध्ये राज्यानंच ४० टक्के सूट परत आणली, वजावट मात्र १ एप्रिल २०२३ पासून १० टक्केच ठेवली. २०१९ नंतर ज्यांची सूट गेली होती त्यांना स्वतः राहत असल्याचे पुरावे जोडून पीटी-३ अर्ज भरावा लागला. अर्ज न भरणाऱ्याला पूर्ण दराचं बिल येत राहिलं. ‘सवलत जाहीर झाली तरी बिल तेवढंच’ ही तक्रार बहुतेक वेळा या अर्जापाशी येऊन थांबते.

‘शिक्षण कर, रोजगार हमी कर महापालिका खाते’

राज्याचा शिक्षण उपकर आणि रोजगार हमी उपकर १९६२ च्या राज्य कायद्यानं लागतात. महापालिका ते वसूल करते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. रोजगार हमीचा उपकर फक्त बिगरनिवासी मिळकतींवर असतो. राहत्या घराच्या बिलात तो दिसला तर आधी वापराची नोंद ‘निवासी’ आहे का ते तपासा. मुंबईच्या बिलात महापालिकेचा शिक्षण उपकर आणि राज्याचा शिक्षण उपकर असे दोन रकाने असतात. पहिला पालिकेचा, दुसरा नाही. वृक्ष उपकर शहरातच राहतो. वसूल केलेला राज्याचा उपकर महापालिका वेळेत भरत नाहीत, असे आक्षेप लेखापरीक्षणात येतात. तेवढा दोष महापालिकेचा.

‘मुंबईनं माफ केली, मग बाकीचे का नाही?’

मुंबईनं केली नाही, राज्यानं केली. मुंबईसाठी १८८८ चा वेगळा अधिनियम आहे, माफीची दुरुस्ती त्यात झाली, आणि त्या दुरुस्तीचा इतर महापालिकांशी संबंध नाही. २०१९ मध्ये माफ झाला होता तो फक्त ‘सर्वसाधारण कर’. पाणीपट्टी लाभ, मलनिस्सारण, पथकर (टोल नव्हे, रस्त्यांसाठीचा कर) वगैरे रकाने तसेच राहिले, म्हणून माफीनंतरही बिलं आली आणि लोक खवळले. सगळे रकाने माफ झाले ते जानेवारी २०२२ पासून. मर्यादा ५०० चौरस फूट चटई क्षेत्राची, म्हणजे ४६.४५ चौरस मीटर. इथं टप्पे नाहीत. ४६.४ मीटरला शून्य, ४७ मीटरला पूर्ण क्षेत्रावर कर.

या माफीनं पालिकेचं वर्षाला ४०० कोटींहून जास्त उत्पन्न गेलं. जकात गेली तेव्हा भरपाईचा कायदा झाला, या माफीला तसा जोड मिळाला नाही. मुंबईत घरपट्टी ज्यावर बसते ते मिळकतीचं भांडवली मूल्य दर पाच वर्षांनी सुधारायचं असतं, पण २०२० ची सुधारणाही कायद्यात बदल करून पुढे ढकलली गेली. घोषणा राज्याची, खड्डा पालिकेच्या हिशोबात. आणि हे मुंबईला झेपतं म्हणून छोट्या महापालिकेला झेपेल असं नाही, कारण तिथं स्वतःचं म्हणावं असं उत्पन्न घरपट्टी आणि पाणीपट्टीपलीकडे फारसं नसतं.

‘ठेवी आहेत ना’

मुंबईच्या ठेवी ८० हजार कोटींच्या आसपास आहेत, हे खरं. त्यात कर्मचाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन, उपदान (ग्रॅच्युइटी) आणि कंत्राटदारांच्या अनामत रकमा आहेत. ते पालिकेचे पैसे नव्हेत. उरलेल्या बऱ्याच रकमेवर चालू प्रकल्पांची देणी आहेत. इतर २८ महापालिकांकडे एवढ्या ठेवी नाहीत.

तुमच्या शहराचं खरंखोटं तपासायचं असेल तर मेसेज नको, महापालिकेच्या संकेतस्थळावरचं अंदाजपत्रक उघडा. महसुली जमेत ‘जीएसटी’ लिहिलेली ओळ शोधा. ‘प्रत्यक्ष जमा’चा रकाना घ्या, ‘अंदाज’ नको. एका वर्षाची रक्कम आधीच्या वर्षाच्या रकमेनं भागली की १.०८ च्या जवळ यायला हवं. नाही आलं तर दोन शक्यता आधी पाहा: मार्चचा हप्ता एप्रिलमध्ये जमा होऊन पुढच्या वर्षात गेलाय, किंवा महापालिकेचं जुनं देणं राज्यानं भरपाईतून परस्पर वळतं करून घेतलंय. दुसरी शक्यता असेल तर नगरसेवकाला विचारायचा प्रश्न एकच: कुठलं देणं, आणि अजून किती हप्ते?