तीसवर चालणं, साठवर पळणं

फोंड्यात दुपारी एक ते चार काही हलत नाही. दुकानं बंद, कुत्री पायरीवर, आई जेवून आडवी. अशा वेळी मी १९९८ सालचा ‘बाल्डर्स गेट’ काढून बसलो. मूळ पाच सीड्यांचा कॉम्प्युटर गेम.

पाचच मिनिटांत कळलं, आतली माणसंही जेवूनच आली आहेत. गेम जिथे सुरू होतो, त्या कँडलकीप गढीच्या कोठारातले उंदीर मारायचं काम मिळालं. नायक तिथवर पोचेपर्यंत मी चहा ठेवला, गाळला, प्यायलो. (तरुणपणी हा वेग मला चालायचा कसा? बहुधा कॉम्प्युटरच त्याहून सुस्त होता.)

उपाय होता. ‘बाल्डर डॉट आयएनआय’ ही गेमच्या सेटिंगची फाईल उघडायची. ‘मॅक्सिमम फ्रेम रेट’पुढचे, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) दाखवायची त्याचे, ३० वाढवायचे. गोम अशी की या गेमचं घड्याळच फ्रेमवर चालतं. आकडा दुप्पट केला की अख्खी दुनिया दुप्पट धावते. तीसवर तिथला एक तास म्हणजे आपली पाच मिनिटं, म्हणजे अख्खा दिवस दोन तासांचा. साठवर तोच दिवस तासाभरात आटपतो.

मी साठ घातले. नोटपॅड म्हणालं, परवानगी नाही. कॉम्प्युटर माझा, विजेचं बिल मी भरतो, आणि परवानगी नाही! मग ॲडमिनिस्ट्रेटर होऊन आलो.

साठवर माझा नायक, जेमतेम चार प्राणांक असलेला जादूगार, रस्त्याने असा सुटला, जणू शेवटची फेरीबोट चुकतेय. एवढ्यात गिबर्लिंग नावाचे छोटे राक्षस आले. मंत्र दुप्पट वेगात, शत्रू दुप्पट वेगात, फक्त माझा हात मूळच्या वेगात. स्पेस दाबून गेम थांबवता येतो, पण मी स्पेस दाबला तो जादूगार आडवा झाल्यावर. नायकच मेला, गेम संपला.

मग पन्नास. मग पंचेचाळीस. मग अडतीस, जे उगाच होतं. दर वेळी गेम बंद, फाईल उघड, आकडा बदल, पुन्हा सुरुवातीची चित्रफीत. दहावीतला पुतण्या डोकावला.

“काका, खेळताय कधी?”

“चाल बसवतोय.”

“कोणाची?”

शेवटी चाळीसवर बेत जमला. पाय लयीत पडू लागले, पुन्हा उंदरांच्या कोठाराकडे निघालो, आणि बाहेर पोदेराचा, म्हणजे सायकलवरच्या पाववाल्याचा, भोंगा पोंय पोंय वाजला.

“पोदेर गेलो मरे!” आई आतून ओरडली.

पिशवी घेऊन धावलो. सायकल वळणापलीकडे. पोदेर नक्की साठवर होता, मी तीसवर.